परागकणांची अ‍ॅलर्जी: तहान लागायच्या आधी विहीर

नाकेश्वर

"हवा बदलली की मला सर्दी होतेच" असं वर्षानुवर्षं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना सर्दी झालेलीच नसते. सर्दी विषाणूची. ती आठवडा-दहा दिवसांत आवरतं घेते, येताना घसादुखी आणि कधी कणकण घेऊन येते, आणि नाकातलं पाणी दोन-तीन दिवसांत घट्ट होऊ लागतं. परागकणांच्या अ‍ॅलर्जीत ताप नसतो. नाक पाण्यासारखं गळतं, शिंका सुटल्या की थांबत नाहीत, आणि मुख्य म्हणजे खाज असते. नाकात, डोळ्यांच्या कोपऱ्यात, टाळूला, कानात खोल कुठेतरी बोट पोचणार नाही अशा जागी. टाळू जिभेने खसाखसा घासावीशी वाटायला लागली की साध्या सर्दीवरचा संशय सोडून द्यावा. हे सगळं आठवडेच्या आठवडे चालतं आणि पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा दारात हजर.

धागा काढायचं कारण एकच. या दुखण्याला आपण उशिरा भिडतो. नाकी नऊ आले की गोळी शोधायची, मोसम सरला की विसरून जायचं. हे का चुकतं ते कळायला आत काय घडतं ते थोडं बघू.

परागकण स्वतः काही विष नाही. पण काही जणांची प्रतिकारयंत्रणा त्यातल्या प्रथिनांना शत्रू ठरवते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करते. ती नाका-डोळ्यांच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. या टप्प्यावर माणसाला काहीही जाणवत नाही, नुसती तयारी चालू असते. म्हणूनच "इतकी वर्षं काही नव्हतं, आत्ताच कुठून आलं" हा प्रश्न सगळ्यांना पडतो. पुढे कधीतरी तोच पराग आला की काही मिनिटांत मास्ट पेशी हिस्टामिन हे रसायन ओततात आणि शिंका, खाज, पाणी सुरू होतं. एवढ्यावर भागत नाही. चार ते आठ तासांनी दुसरी फेरी येते. इओसिनोफिलसारख्या पेशी अस्तरात जमतात, सूज चढते, नाक चोंदतं. सकाळी बागेत फिरून आलेल्याचं नाक रात्री बंद होतं आणि तो बिचारा पंख्याला दोष देतो.

आता कळीचा मुद्दा. रोज मारा होत राहिला की नाकाचं अस्तर हुळहुळं होतं. मोसमाच्या सुरुवातीला जितक्या कणांनी शिंक यायची, त्याच्या कितीतरी कमी कणांनी ती नंतर येऊ लागते. याला प्राइमिंग म्हणतात आणि यावर १९६० च्या दशकातच प्रयोग झालेले आहेत. हवेतला पराग उतरणीला लागला तरी आपला त्रास उतरत नाही, त्याचं कारण हे. अत्तराचा, उदबत्तीचा, गाडीच्या धुराचा वासही मग सोसवत नाही. एकदा अस्तर या अवस्थेला पोचलं की गोळी तुटपुंजी पडते. ते तिथवर जाऊच न देणं जास्त सोपं आहे.

त्यामुळे नाकात मारायचे स्टिरॉइड स्प्रे (फ्लुटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड वगैरे) डॉक्टरांशी बोलून मोसमाच्या एक-दोन आठवडे आधी चालू करायचे असतात. पहिल्या दिवशी थोडा फरक पडतो, पण पूर्ण जोर चढायला कित्येक दिवस लागतात, कधी दोन आठवडे. लोक तीन दिवस मारतात, "काही उपयोग नाही" म्हणतात आणि बाटली कपाटात जाते.

पण आधी म्हणजे नक्की कधी? त्यासाठी स्वतःचा मोसम माहीत हवा. समशीतोष्ण प्रदेशांत साधारण क्रम असा: वसंतात झाडं, उन्हाळ्याच्या सुरुवातीला गवतं, उन्हाळा सरताना आणि शरदात तण. उष्ण प्रदेशांत गवताचा मोसम लांबलचक असतो आणि हे कप्पे एकमेकांत मिसळतात. त्यामुळे दुसऱ्याचं कॅलेंडर उसनं घेऊ नका. फोनमध्ये रोज एक ओळ टिपा: नाक कसं, डोळे कसे, किती वेळ बाहेर होतो, पाऊस की वारा. एक मोसम टिपलात तरी डॉक्टरांसमोर बसून "असंच होतं मधूनमधून" म्हणावं लागणार नाही.

थोडा इतिहास, कारण मला तो आवडतो. १८१९ मध्ये जॉन बॉस्टॉक या इंग्लिश डॉक्टराने हे दुखणं पहिल्यांदा नीट लिहून काढलं, आणि रुग्ण म्हणून स्वतःलाच घेतलं. लहानपणापासून दर जूनमध्ये डोळे नि नाक बेजार. रक्त काढणं, थंड पाण्याची अंघोळ, अफू, सगळं करून पाहिलं. कारण मात्र त्याने उन्हाळ्याच्या उष्म्याला चिकटवलं. खरा गुन्हेगार पकडला मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने. हाही डॉक्टर, हाही त्याच दुखण्याचा धनी. गवताचे पराग त्याने स्वतःच्या नाकात आणि खरवडलेल्या कातडीवर घालून पाहिले, चिकट लेप लावलेल्या काचा पतंगाला बांधून वर सोडल्या, आणि हजार फुटांहूनही उंच हवेत पराग असतात हे दाखवलं. १८७३ मध्ये ते छापून आलं. हौस म्हणावी ती ही.

तुमचे अनुभव आणि शंका लिहा. मी डॉक्टर नाही. या दुखण्यासोबत बरीच वर्षं संसार केलेला माणूस आहे, इतकंच.

मीच_तो

पंखा निर्दोष सुटला हे वाचून बरं वाटलं. आमच्या घरी त्याच्यावर रोज खटला चालतो.

रानवाटा

छान लेख. वनस्पतींच्या बाजूने थोडी भर.

लोक बागेतल्या ठसठशीत फुलांकडे बोट दाखवतात. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. रंग, वास, मध हा सगळा थाट कीटकांना बोलवायला असतो. अशा फुलांचा पराग जड आणि चिकट, तो मधमाशीच्या अंगाला लागून जातो, हवेत फारसा येतच नाही. आपल्याला छळतात ती वाऱ्यावर भिस्त ठेवणारी झाडं. गवतं, बर्च, ओक, ऑलिव्ह, सायप्रस, रॅगवीड नावाचं तण. यांची फुलं ना रंगाची ना गंधाची, फूल आलंय हे शेजारून जाणाऱ्यालाही कळत नाही. वाऱ्याचा नेम नाही म्हणून ती पराग उधळतात तो हिशेब न ठेवता. रॅगवीडचं एक रोप एका मोसमात अब्जावर कण सोडू शकतं, आणि एक कण साधारण २० मायक्रॉनचा.

डोळ्यांना दिसतो म्हणजे तोच दोषी, असंही नाही. पाइनचा मोसम असला की गाड्यांच्या टपांवर, डबक्यांच्या कडेला पिवळी पूड साचते. बोट फिरवलं तर रेघ उमटते. पाइनच्या कणाला दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात, म्हणून मोठा असूनही तो लांबवर तरंगतो. बघून घाबरायला होतं, पण पाइनची अ‍ॅलर्जी तशी कमी जणांना असते. नेमक्या त्याच दिवसांत दुसरं एखादं झाड गुपचूप पराग सोडत असतं आणि बोल पाइनला लागतो.

जपानची गोष्टही या संदर्भात आठवते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लाकडासाठी सुगी, म्हणजे जपानी सीडार, डोंगरच्या डोंगर भरून लावला. ती झाडं वयात आली आणि पराग सोडू लागली तेव्हा निम्मा देश शिंकायला लागला असं म्हणण्याची पाळी आली. एकाच जातीची झाडं सरसकट लावली की हे होणारच. झाड लावताना त्याचा पराग वाऱ्यावर जातो का, हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

शंकेखोर

दोन शंका. एक, स्टिरॉइड म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. महिनोन्महिने नाकात स्टिरॉइड मारायचं हे पटत नाही. दोन, जवळपासच्या पोळ्यातला मध रोज चमचाभर घेतला की शरीराला परागाची सवय होते असं खूप जण सांगतात. नैसर्गिक उपाय असताना रसायनं कशाला?

नाकेश्वर

@शंकेखोर, दुसरं आधी. उत्तर वर रानवाटांनी देऊनच टाकलंय. मधात जो पराग असतो तो मुख्यतः मधमाशी ज्या फुलांवर बसते त्यांचा. तुम्हाला त्रास देणारा वाऱ्यावरच्या गवता-झाडांचा. सवय करायची तर गुन्हेगाराची करायला हवी. शिवाय चमच्यात किती पराग आला याला मोजमाप नाही. मध आवडतो म्हणून खा, औषध म्हणून नको. वर्षाच्या आतल्या बाळाला तर कुठल्याच कारणाने नको.

स्टिरॉइडचं म्हणाल तर भीती समजू शकतो, पण पोटात घ्यायची गोळी आणि नाकातला फवारा यांना एका तागडीत घालू नका. फवाऱ्यातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, मोमेटासोन-फ्लुटिकासोनसारख्यांचा रक्तात पोचणारा भाग फारच थोडा. नेहमीचे त्रास म्हणजे नाक कोरडं पडणं, कधी थोडं रक्त येणं. काचबिंदू असेल, किंवा दम्याचं स्टिरॉइड आधीच चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. मोसम सुरू होताना एकच लांब मुरणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊन मोकळं व्हायचं, असाही एक प्रकार चालतो. घाबरायचंच असेल तर त्याला घाबरा. ते सगळ्या शरीरात जातं, टोचलं की परत काढता येत नाही, आणि तज्ज्ञ त्याची शिफारस करत नाहीत.

काउंटरवाला

औषधांच्या काउंटरवर उभा असतो, त्यामुळे स्प्रे कसा मारतात ते रोज बघायला मिळतं. दहातले आठ जण मान मागे टाकतात, नळी सरळ वर नाहीतर मधल्या पडद्याकडे धरतात, फस्सकन दाबतात आणि जोरात ओढतात. औषध थेट घशात. कडू चव आली की समजावं, नाकासाठीचं औषध पोटात गेलं.

बरोबर पद्धत: आधी नाक शिंकरून मोकळं करा. बाटली हलवा. मान किंचित पुढे, पायाच्या अंगठ्यांकडे नजर. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा. असा उलटा हात वापरला की नळीचं टोक आपसूक बाहेरच्या बाजूला, त्या बाजूच्या कानाकडे वळतं. दाबताना हलकासा श्वास, फुलाचा वास घेतल्यासारखा. मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला की तिथलंच रक्त येतं, आणि लोक म्हणतात औषध सोसत नाही.

आता दुसरा फवारा, ज्याच्यामुळे मला सगळ्यात जास्त चिडचिड होते. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन. नाक पाच-दहा मिनिटांत उघडतं, म्हणून लोक त्याच्या प्रेमात पडतात. तो रक्तवाहिन्या आक्रसवतो, बाकी अ‍ॅलर्जीला हात लावत नाही. तीन, फार तर पाच दिवस, त्यापुढे नाही. नंतर असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून पुन्हा फवारा, पुन्हा चोंदणं. वर्षभर खिशात बाटली घेऊन फिरणारी माणसं आहेत. अ‍ॅलर्जी कधीच बाजूला राहिली, आता दुखणं त्या बाटलीचंच आहे. मोसमी त्रास आठवडेच्या आठवडे चालतो, त्याला हे औषध मुळात बसतच नाही.

गोळ्यांबद्दल, म्हणजे हिस्टामिनला अडवणाऱ्या अँटिहिस्टामिनबद्दल, थोडक्यात. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही जुनी पिढी. झोप आणते, आणि झोप आली नाही असं वाटलं तरी मेंदू मंदावलेला असतो, गाडी चालवू नये. नव्या पिढीत सेटिरिझिन, लेवोसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन. यातलं सेटिरिझिन काहींना पेंगवतं, फेक्सोफेनाडिन जवळजवळ नाहीच. पण फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, ते कमी शोषलं जातं. साधं पाणी. आणि सेटिरिझिन किंवा लेवोसेटिरिझिन महिनोन्महिने रोज घेऊन एकदम बंद केल्यावर क्वचित अंगाला प्रचंड खाज सुटते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये तसा इशारा दिला आहे. गोळी शिंका-खाजेवर चांगली, चोंदलेल्या नाकावर लंगडी. चोंदलेल्याला स्प्रेच.

आणखी एक, मॉन्टेलुकास्ट. हे लोक शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून मागतात. झोप बिघडणं, चिडचिड, निराशा, टोकाचे विचार असे मानसिक परिणाम होऊ शकतात म्हणून २०२० मध्ये एफडीएने त्यावर सर्वात कडक चौकटीतला इशारा छापायला लावला. नुसत्या नाकाच्या त्रासाला इतर औषधं चालत नसतील तरच, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

मीच_तो

उलट्या हाताचं आत्ता करून पाहिलं. घशात कडू लागलं नाही! इतकी वर्षं औषध पोटालाच पाजत होतो म्हणायचं.

दोघांची_आई

धाकटा सात वर्षांचा आहे. नाकाच्या शेंड्याच्या थोडं वर आडवी फिकट रेघ आलीये, डोळ्यांखाली निळसर काळपट. शाळेतून "झोप पुरी होत नाही का याची?" अशी विचारणा झाली. तो दिवसभर तळहाताने नाक खालून वर ढकलत असतो. हे अ‍ॅलर्जीचंच का? रक्ताची तपासणी करावी की ती सुया टोचण्याची? एका जाहिरातीत एकदम शंभर-दीडशे पदार्थांची आयजीजी तपासणी दिसली, ती करावी का?

नाकेश्वर

@दोघांची_आई, तळहाताने नाक वर ढकलण्याच्या त्या सवयीला डॉक्टर लोक गमतीने अ‍ॅलर्जीचा सलाम म्हणतात, आणि ती आडवी रेघ त्या सलामाचीच. डोळ्यांखालचा काळेपणा नाक चोंदल्यामुळे तिथल्या शिरांत रक्त तुंबून येतो. निदान अर्थात बालरोगतज्ज्ञच करतील. त्यांना रात्रीचं घोरणं, तोंडाने श्वास घेणं, पळाल्यावर खोकला येतो का, हेही आवर्जून सांगा.

स्किन प्रिक टेस्टला घाबरू नका. सुई आत जात नाही, हातावर थेंब ठेवून वरच्यावर टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते का बघतात. तीन मिलिमीटर किंवा जास्त गांधी म्हणजे पॉझिटिव्ह. त्याआधी काही दिवस, साधारण पाच ते सात, अँटिहिस्टामिन बंद ठेवावी लागते, नाहीतर गांधी उठतच नाही. नाकातला स्प्रे चालू राहिला तरी चालतो. गोळी थांबवणं शक्य नसेल, किंवा कातडीवर इसब फार असेल तर रक्तातली आयजीई तपासणी करतात.

दोन्हीत एक मेख आहे. पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या परागाची ओळख करून घेतलीये, इतकंच. त्याचा त्रास होतोच असं नाही. टेस्टमध्ये गवत आलं आणि मुलाला त्रास मात्र गवताला तुरा नसलेल्या महिन्यांत होत असेल तर गवत निर्दोष. म्हणून ती रोजची एक ओळ लिहायची. वर्षभर एकसारखा त्रास असेल तर परागापेक्षा गादीतले धूळकिडे किंवा बुरशी तपासा.

आयजीजी ही आयजीईहून वेगळी प्रतिपिंडं. तिच्या त्या लांबलचक यादीवर पैसे घालवू नका. आयजीजी वाढलेली असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, याहून जास्त काही सिद्ध होत नाही. त्यावरून पोराचं खाणं तोडणं तर फारच वाईट.

पानगळ

डोळ्यांबद्दल कुणी काही लिहिलं नाही. मला नाकापेक्षा डोळेच जास्त. ओलोपॅटाडिन किंवा केटोटिफेनचे थेंब चांगले लागू पडतात, फ्रिजमध्ये ठेवून घातले की आणखी बरं वाटतं. गार पाण्याची घडी हाही उत्तम उपाय. चोळायचं मात्र नाही. चोळलं की मास्ट पेशी आणखी हिस्टामिन सोडतात, आणि वर्षानुवर्षं जोरजोरात चोळणाऱ्यांत बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा विकार (केराटोकोनस) जास्त आढळतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर थेंब घालून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग लेन्स. मोसमात चष्म्यावर आलात तर सोन्याहून पिवळं, कारण लेन्सवर पराग चिकटून बसतो. बाहेर जाताना कडेने झाकणारा गॉगल लावा.

अर्धविराम

मी इम्युनोथेरपी घेतली आहे, तिच्याबद्दल लिहितो. ज्या परागाची अ‍ॅलर्जी त्याचाच अर्क आधी अगदी थोडा, मग वाढवत वाढवत द्यायचा. नवीन खूळ नाही हे. लंडनच्या लेनर्ड नूनने १९११ मध्ये गवताच्या परागाचा अर्क टोचून हे सुरू केलं. गंमत म्हणजे परागात विष असतं आणि आपण लस देतोय, असं त्याला वाटत होतं. आयजीईचा शोध लागायला त्यानंतर अर्धशतकाहून जास्त काळ जायचा होता. इशिझाका पतीपत्नींनी ती १९६६ मध्ये शोधली. म्हणजे कारण चुकलं, उपाय बरोबर लागला.

सुरुवातीला जवळजवळ दर आठवड्याला इंजेक्शन, पुढे महिन्याला एक. दंडावर लिंबाएवढी सूज येते, खाजते, उतरते. प्रत्येक वेळी टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, कारण क्वचित अंगभर तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. "मला उशीर होतोय" म्हणून उठून जाऊ नका, तो अर्धा तास उगाच नाही. दमा आटोक्यात नसेल तर हा उपचार देत नाहीत. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या-थेंबही असतात, त्यातली पहिली मात्रा डॉक्टरांसमोर घ्यायची आणि मग घरी रोज. तोंडात सुरुवातीला खाज येते.

एकूण तीन ते पाच वर्षं. हा आकडा ऐकून निम्मे लोक उठून जातात. पण गोळी-स्प्रे बंद केले की दुखणं जागच्या जागी, आणि याचा परिणाम मात्र कोर्स संपल्यावरही काही वर्षं टिकतो. मला फरक पडला. मोसम आलाय हे आता दुसऱ्यांच्या शिंकांवरून कळतं. आणि हो, धाग्याच्या मुद्द्याला धरून सांगायचं तर याचीही सुरुवात मोसमाबाहेर करतात. गवताच्या जिभेखालच्या गोळ्या तर मोसमाच्या तीन-चार महिने आधी.

शंकेखोर

हे मला पटलं. मधाची कल्पना मुळात हीच दिसते, फक्त मापाशिवाय आणि भलत्याच परागाची.

धुक्यातली

एक गंभीर गोष्ट, कारण नाकाच्या दुखण्याला कुणी जिवावरचं मानत नाही.

२१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आलं. रायग्रास या गवताच्या परागाचा मोसम जोरात होता. ओलाव्याने परागकण फुटले आणि त्यांच्यातले अगदी बारीक कण जमिनीलगतच्या वाऱ्याबरोबर शहरभर पसरले. अख्खा परागकण मोठा असतो, तो नाकातच अडकतो. फुटलेला तुकडा थेट फुप्फुसाच्या बारीक नळ्यांपर्यंत जातो. काही तासांत हजारो माणसं श्वास लागून रुग्णालयांत पोचली. दहा जण दगावले. त्या रात्री त्रास झालेल्यांत अशी कितीतरी माणसं होती ज्यांना आधी दमा असल्याचं निदान कधी झालंच नव्हतं, फक्त मोसमी शिंका होत्या.

नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोकं. मोसमात रात्री खोकला, छातीत घरघर, जिना चढताना धाप असं काही असेल तर ते नाकाच्या खात्यात टाकू नका, दाखवून घ्या. दम्याचा रोजचा पंप दिलेला असेल तर मोसमात तो चुकवू नका. परागाच्या दिवसांत वादळाची लक्षणं दिसली की घरात जा, खिडक्या लावा. पाऊस पडला की हवा धुतली जाते हे खरं, पण वादळाच्या पहिल्या झोताला ते लागू नाही.

एकाच नाकपुडीचा त्रास, रक्तमिश्रित स्राव, वास येईनासा होणं, चेहऱ्याचं दुखणं आणि ताप, यांतलं काहीही असेल तर अ‍ॅलर्जी म्हणून घरी बसू नका.

रानवाटा

सफरचंद, पीच किंवा हेझलनट कच्चं खाल्लं की ओठ-टाळूला खाज येते असे इथे कुणी आहेत का? ती बहुधा बर्चची करामत. बर्चच्या परागातलं प्रथिन आणि या फळांतलं प्रथिन एकमेकांची जुळी भावंडं वाटावीत इतकी सारखी. रॅगवीडवाल्यांना टरबूज-केळ्याने तसंच होतं. शिजवलं की बहुतेकांना काही होत नाही, कारण उष्णतेने ते प्रथिन मोडतं. पण घसा आवळला, अंगावर पित्त उठलं किंवा चक्कर आली तर ते साधं प्रकरण नाही, लगेच वैद्यकीय मदत.

दोघांची_आई

सगळ्यांचे आभार. घरात काय काळजी घ्यायची? एअर प्युरिफायर घ्यावा का?

नाकेश्वर

बालरोगतज्ज्ञांच्या भेटीची वाट बघेपर्यंत एवढं करता येईल. परागकण तसा मोठा असतो, घरात आल्यावर तासन्‌तास तरंगत नाही, खाली बसतो. म्हणून उशीचा अभ्रा, गालिचा, सोफा आणि केस ही खरी ठिकाणं. बाहेरून आल्यावर कपडे बदलायचे, झोपण्याआधी अंघोळ आणि केस धुणं. नाहीतर दिवसभराचा पराग डोक्यावरून उशीवर, उशीवरून नाकात, रात्रभर. मोसमात चादरी बाहेर वाळत घालू नका, ओल्या कापडाला पराग छान चिकटतो. कुत्रा-मांजर असेल तर ते अंगावर पराग घेऊन येतं, त्याला गादीवर घेऊ नका. झाडू मारण्यापेक्षा ओलं पुसणं बरं. हेपा फिल्टरचा प्युरिफायर झोपायच्या खोलीत उपयोगी आहे, पण खिडकी उघडी ठेवून तो चालवणं म्हणजे नुसतं वीजबिल.

बाहेर पडताना मास्क खरंच काम करतो. परागकण विषाणूपेक्षा शेकडो पट मोठा, तो साध्या मास्कलाही अडतो. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास.

आणि नाक धुणं. जलनेती म्हणा की सलाइन वॉश, अस्तरावरचा पराग शब्दशः वाहून जातो. एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ. पाणी मात्र उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच. नळाचं थेट कधीही नको, कारण नाकावाटे शिरणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा दुर्मीळ असला तरी बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. भांडं रोज धुवून वाळवा. स्प्रे मारायचा असेल तर आधी धुणं, मग स्प्रे. उलट केलंत तर औषध मोरीत.

अर्धविराम

परागाचा आकडा देणारी अ‍ॅप वापरता का कुणी? मला तर तो आणि माझं नाक यांचा मेळ कधी लागत नाही.

रानवाटा

नाही लागला तर नवल नाही. जुनं, अजून वापरात असलेलं यंत्र १९५२ मध्ये हर्स्टने बनवलेलं. मिनिटाला दहा लिटर हवा ओढायची, साधारण आपण शांत बसून घेतो तेवढीच, आणि कण चिकट पट्टीवर धरायचे. मग कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ते जातवार मोजतं. त्यामुळे हातात येणारा आकडा पुष्कळदा कालचा, २४ तासांच्या सरासरीचा, आणि एका इमारतीच्या गच्चीवरचा असतो. त्यात नुसता एकूण पराग दिला असेल तर तुमच्या कामाचं काही नाही, तुमच्या झाडाचा आकडा हवा. हल्ली कॅमेऱ्यावर आपोआप मोजणारी यंत्रं आली आहेत, त्यांचा आकडा ताजा असतो.

मोसम सरकतायत हेही लक्षात ठेवा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर अमेरिकेतला परागाचा मोसम १९९० ते २०१८ या काळात सुमारे २० दिवसांनी लवकर सुरू होऊ लागला आणि हवेतला पराग सुमारे २१ टक्क्यांनी वाढला असं दिसलं. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या टिपणावरून स्प्रेची तारीख ठरवलीत तर गाडी चुकेल.

पानगळ

गेल्या मोसमातली अर्धी बाटली घरात आहे. तीच चालू करू का?

काउंटरवाला

आधी तारीख बघा. छापलेली मुदत आणि उघडल्यानंतरची मुदत वेगळी असते, ती आतल्या कागदावर असते. उघडल्यानंतरची मुदत संपली असेल तर छापलेली शिल्लक असली तरी टाकून द्या. दोन्ही शिल्लक असतील तर नळीचं टोक कोमट पाण्याने धुवून पुसा, बाटली हलवा, आणि एकसारखा बारीक फवारा येईपर्यंत हवेत दाबा. पडून राहिलेल्या पंपात हवा भरते, पहिल्या दाबाला पुरं औषध येत नाही. आणि ती बाटली ऑक्सिमेटाझोलिनची निघाली तर मला सांगू नका.